ओट्यावरची तालीम

बीड जिल्ह्याचे अर्थकारण मांडताना पाऊस, कापूस, ऊस आणि कर्ज यांचा उल्लेख हटकून होतो. पण ज्या भांडवलावर येथील लाखो माणसांचा संसार उभा आहे, ते स्नायूंचे बळ सहसा कोणाच्या हिशेबात येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरे कुलूपबंद होतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडणे, मोळी बांधणे व ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणे हाच त्यांचा दिनक्रम होतो. ज्या जिल्ह्यात बळाला इतकी मागणी आहे, त्याच जिल्ह्यात बळ पद्धतशीरपणे वाढवण्याचा व्यायाम मात्र पैलवानांचा, पोलीस भरतीच्या पोरांचा किंवा तालुक्याच्या गावी जिमची फी भरू शकणाऱ्यांचा विषय मानला जातो. बाकीच्यांचे उत्तर ठरलेले असते: दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला? हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण त्यातील उणीव ध्यानात आली, की घरच्या घरी, जवळपास बिनखर्चात बळाचा व्यायाम कसा सुरू करावा, हा पुढचा प्रश्न निम्मा सुटतो.

श्रम आणि व्यायाम यांत स्नायू तेच असतात, पण मात्रा ठरवणारा वेगळा असतो. मोळीचे वजन उसावर आणि मुकादमाच्या घाईवर ठरते, उचलणाऱ्याच्या कालच्या थकव्यावर ठरत नाही. तीस-चाळीस किलोंचा भार एकाच बाजूने, एकाच पद्धतीने, दिवसातून कितीतरी वेळा उचलला जातो. आणि अंग दुखते म्हणून एक दिवस बसावे, तर ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात. स्नायूंचे बळ प्रत्यक्ष वजन उचलत असताना वाढत नसते. भाराने स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो, त्यानंतरच्या साधारण एक-दोन दिवसांत शरीर त्यांत नवी प्रथिने भरते, आणि या भरणीसाठी अन्न व विश्रांती या दोन्ही गोष्टी लागतात. विश्रांती वजा केली की उरते ती निव्वळ झीज. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दीड दशकात या विसंगतीचा सातत्याने पाठपुरावा केला असून, फुरसतीतल्या शारीरिक हालचालीने हृदयाला जो लाभ होतो तो कामावरच्या अवजड श्रमाने होत नाही, उलट अपाय संभवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी दिलेली कारणे बीडच्या माणसाला नवी वाटणार नाहीत: भार फार वेळ चालतो, रक्तदाब दिवसभर चढा राहतो, सावरायला उसंत मिळत नाही, आणि थांबायचे केव्हा हे कामगाराच्या हाती नसते.

व्यायामाची व्याख्या यातूनच निघते. ज्यात भार, संख्या आणि विश्रांती या तिन्हींवर करणाऱ्याचा ताबा असतो तो व्यायाम. आणि ज्यात स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा थोडा जास्त विरोध देऊन त्याची ताकद वाढवली जाते, तो बलवर्धक व्यायाम. हा विरोध लोखंडाचाच असला पाहिजे असे स्नायूला काही कळत नाही. स्वतःच्या देहाचे वजन, पाण्याचा कॅन, वाळूची गोणी, यांपैकी काहीही त्याला चालते.

मराठी मुलखाला ही गोष्ट नव्याने सांगावी लागावी, हे खरे तर आश्चर्यच आहे. गावच्या जत्रेत रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरू होणारी परंपरा बीडमध्ये अजून जिवंत आहे. पाटोदा तालुक्यातून आलेल्या राहुल आवारे यांनी कुस्तीचे पहिले धडे पैलवान असलेल्या वडिलांकडे गिरवले, पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे आणि नंतर काका पवार यांच्याकडे तयारी केली, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्य मिळवले. ज्या तालमींच्या परंपरेतून असे मल्ल घडले, तेथील साधनसामग्री पाहिली तर ती आजच्या एखाद्या जिमच्या तुलनेत नगण्य आहे: तांबडी माती, चढायला दोर, लाकडी मुद्गल, दगडी वजने, आणि बाकी सारे जोर-बैठकांवर. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’त या देशी व्यायामप्रकारांची जी नोंद झाली, ती पाहणाऱ्याला साधनांच्या अभावाची तक्रार करणे जड जाईल. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला हा कोश आज ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात असतो, ही गोष्ट वेगळी.

तथापि तालमीच्या पद्धतीत एक उणीव आहे, आणि ती झाकून ठेवण्यात परंपरेचा काही गौरव नाही. तालमीत मोजमाप चालते ते संख्येचे. शंभर बैठका मारणारा चांगला, पाचशे मारणारा त्याहून चांगला, आणि हजार मारणाऱ्याची गोष्ट पंचक्रोशीत सांगितली जाते. पण एखादी हालचाल सलग शंभर वेळा करता येऊ लागली, की तिच्यातून पुढे वाढतो तो मुख्यतः दम, म्हणजे स्नायूंची टिकून राहण्याची क्षमता. अधिक जड वस्तू उचलण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. पैलवानाला दमही हवा असतो आणि त्याची ताकद प्रत्यक्ष कुस्तीत, समोरच्याच्या वजनाशी झगडून वाढत असते, म्हणून त्याचे भागते. घरी व्यायाम करणाऱ्याला समोर जोडीदार नसतो. त्याने केवळ संख्या वाढवत नेली, तर सहा महिन्यांनी गुडघे कुरकुरतात आणि बळ जिथल्या तिथे राहते.

ही उणीव भरून काढणारे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका लष्करी रुग्णालयात सिद्ध झाले. थॉमस डिलोर्म या अमेरिकी डॉक्टराने जायबंदी सैनिकांच्या पायांची ताकद परत आणण्यासाठी हलक्या वजनाच्या असंख्य आवर्तनांचा प्रघात मोडून मोजक्या वेळा पण जड वजन उचलायला लावले, आठवड्यागणिक ते वाढवत नेले, आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या हा जो साचा जगभर रूढ झाला, त्याचे मूळ डिलोर्म यांच्या कामात आहे. येथे आवर्तन म्हणजे एक पूर्ण हालचाल, उदाहरणार्थ एक बैठक; फेरी म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांचा गट; आणि क्रमवृद्धी म्हणजे शरीर सरावले की भार थोडा वाढवण्याचा नियम. त्यानंतरच्या संशोधनाने एक सोय करून दिली आहे: स्नायूंचा आकार वाढण्यासाठी भार जडच हवा असे नाही, हलक्या भाराने थकव्याच्या जवळ पोहोचेपर्यंत आवर्तने केली तरी तो बराचसा तसाच वाढतो, केवळ कमाल ताकदीच्या बाबतीत जड भार सरस ठरतो. ज्याच्या घरी लोखंड नाही त्याच्यासाठी ही बातमी मोठी आहे.

आता ओट्याकडे वळता येईल. मराठवाड्यातील घरापुढचा ओटा, त्याला लागून असलेल्या दोन-तीन पायऱ्या आणि खालचे अंगण एवढ्या सामग्रीतून छाती, खांदे आणि दंड यांच्या व्यायामाची संपूर्ण शिडी उभी राहते, आणि हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही, कारण हातांवर नेमके किती वजन येते याची मोजणी झालेली आहे. हात साठ सेंटिमीटर उंचीच्या आधारावर टेकवून जोर काढल्यास देहाच्या वजनाच्या सुमारे ४१ टक्के भार हातांवर येतो. आधार तीस सेंटिमीटरवर आणला की तो ५५ टक्के होतो. सपाट जमिनीवर ६४ टक्के. आणि पायच साठ सेंटिमीटर उंचावर ठेवून हात जमिनीवर टेकवले, तर ७४ टक्के. (गुडघे जमिनीला टेकवून काढलेल्या जोरात तो ४९ टक्के असतो, म्हणजे ‘बायकांचे जोर’ म्हणून हिणवला जाणारा हा प्रकारही उंच ओट्यावरच्या जोरापेक्षा जडच आहे.) साठ किलो वजनाच्या माणसाच्या भाषेत हे २५, ३३, ३८ आणि ४४ किलो झाले. एक रुपया न खर्चता जवळपास वीस किलोंची क्रमवृद्धी घराच्या बांधकामातच दडलेली असते.

येथे अभिप्रेत असलेला जोर हा तालमीतला झोका घेत काढलेला हनुमानी जोर नव्हे, तर सरळ अंगाचा साधा जोर. तळहात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, टाचेपासून डोक्यापर्यंत देह एका रेषेत, कोपरे अंगापासून फार न फाकलेली. मनात दोन आकडे मोजत छाती ओट्याच्या कडेला टेकवायची आणि श्वास सोडत वर यायचे. कंबर खाली लोंबू लागली किंवा मान पुढे जाऊ लागली, की ती फेरी तेथेच संपली असे समजावे, मग आकडा पाच असो की सहा. आठ ते बारा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटांची उसंत, आणि प्रत्येक फेरी ‘हातचे दोन राखून’ थांबवायची, म्हणजे आणखी दोन आवर्तने कष्टाने निघाली असती अशा बेताने. नवशिक्याला हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण पहिल्या दिवशीचा उत्साह अंगात मावत नसतो; त्याचे व्याज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबून वसूल होते आणि चौथ्या दिवशी व्यायाम सुटतो. तिन्ही फेऱ्यांत बारा आवर्तने विनासायास निघू लागली की एक पायरी खाली उतरावे.

पायांच्या बाबतीत ग्रामीण बीडकडे शहरी माणसाने गमावलेली एक गोष्ट अजून शिल्लक आहे. उकिडवे बसून भाकरी थापणारी, निंदण-खुरपण करणारी व्यक्ती खोल बैठकीच्या शेवटच्या टोकाला रोज जात असते, तेव्हा तिचे घोटे आणि कंबर त्या अवस्थेला सरावलेली असतात. ज्यांची ती सवय सुटली त्यांनी बाजेवर किंवा खुर्चीवर बसून हात न टेकता उठण्यापासून आरंभ करावा. दोघांनाही पुढची पायरी एकच: टाचा जमिनीवर टेकवून, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवून बैठक मारायची, आणि छातीशी पाण्याचा कॅन कवटाळायचा. पाण्यासारखे सोयीचे वजन शोधून सापडणार नाही, कारण एक लिटर म्हणजे एक किलो हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. पाच लिटरपासून आरंभ करून दर आठवड्याला एक-एक लिटर वाढवत वीस लिटरांच्या जारपर्यंत जाता येते, आणि तराजूची गरज पडत नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तेथे पाण्याचा असा वापर सुचवणे कोणाला खटकेल. पण व्यायाम झाला की तेच पाणी स्वयंपाकघरात जाते, सांडत नाही. झाकण मात्र घट्ट हवे.

सर्वांत दुर्लक्षित आणि बीडच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची हालचाल म्हणजे जमिनीवरून वजन उचलणे. खताच्या रिकाम्या गोणीत वाळू किंवा माती भरून, तोंड सुतळीने करकचून बांधून, दहा-पंधरा किलोंचे गाठोडे तयार करावे. ते दोन्ही पायांच्या मध्ये, अंगाच्या अगदी जवळ असावे. पाठीचा कणा न वाकवता, नितंब मागे ढकलून कमरेच्या सांध्यातून वाकावे. गोणी पकडून पोट कसावे आणि पायांनी जमीन दाबत उभे राहावे. पाठ गोल करून, वजन अंगापासून दूर ठेवून झटक्याने उचलण्याची जी सवय शेतात लागते, तिच्यावर हा उतारा आहे. युरियाची पंचेचाळीस किलोंची गोणी गाडीतून उतरवताना कमरेत उसण भरते ती बहुधा त्या सवयीमुळे, आणि मांड्यांच्या मागचे व पाठीचे स्नायू कधी पद्धतशीर तयारच न झाल्यामुळे. गोणीचे वजन वाढवायचे ते दोन-अडीच किलोंनी, तेही पहिले वजन अंगवळणी पडल्यावरच.

ढकलणे, बसणे आणि उचलणे झाले. राहिले ते ओढणे. जोर-बैठकांच्या जोडीत त्याला जागा नाही, आणि तालमीने ती कमतरता दोर व मल्लखांबावर भागवली, परंतु ती साधने घरोघरी नसतात. एक हात व गुडघा ओट्यावर टेकवून दुसऱ्या हाताने कॅन जमिनीवरून कमरेपर्यंत ओढणे हा त्याचा साधा पर्याय. अंगणात कडुनिंबाची भक्कम आडवी फांदी असेल तर तिला लोंबकळण्यापासून सुरुवात करून अंग वर खेचण्यापर्यंत मजल मारता येते. सैन्यभरतीच्या मैदानावर अशा दहा खेचांना पूर्ण गुण ठेवण्याची पद्धत राहिलेली असल्याने गावातली पोरे या व्यायामाकडे आपण होऊन वळतात. पोलीस भरतीची तयारी करणारे मात्र बहुतेक वेळ धावण्यात घालवतात आणि मुलांसाठी ७.२६० किलो, मुलींसाठी ४ किलो वजनाच्या गोळ्याकडे शेवटच्या महिन्यात पाहतात. गोळा हाताने फेकला जातो हा त्यांचा समज असतो. वास्तविक तो पायांतून निघतो, आणि सहा महिने बैठका व गोणी उचलणाऱ्याला फेकीचे तंत्र शिकणे बरेच सोपे जाते. निव्वळ धावणाऱ्यालाही बळ लागतेच. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे ज्या तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. ९१.४ सेंटिमीटरचा अडथळा दमछाक झालेल्या पायांनी पस्तीस वेळा पार करणे हे केवळ फुप्फुसांचे काम नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय भरती आणि पदकांच्या पलीकडे जातो. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण तपासण्यासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे तेव्हा समोर आले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेल्यास हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी घटते, अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव वाढतो, आणि दोन्ही वाटांनी हाडांची घनता अकाली कमी होऊ लागते. हाडाला बळकटी देणाऱ्या उपायांत औषध व आहार यांच्या बरोबरीने भाराचे स्थान आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रजोनिवृत्ती उलटलेल्या, हाडे विरळ झालेल्या शंभरावर स्त्रियांचे दोन गट करून, एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनांचा व्यायाम देण्यात आला, आणि आठ महिन्यांनी त्या गटातील स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेली आढळली. तो व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरून चालणार नाही. विरळ हाडांच्या स्त्रीने घरी एकटीने जड गोणीपासून आरंभ करणे धोक्याचे आहे, तिने खुर्चीवरून उठणे, भिंतीवरचे जोर आणि हलका कॅन यांपासून, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, गरोदरपण असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास, हर्निया किंवा न आवरलेला रक्तदाब असेल, तर हेच पथ्य. श्वास कोंडून वजन उचलल्याने रक्तदाब क्षणात उसळतो, म्हणून उचलताना श्वास सोडण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी. आणि गल्लीच्या नजरेसमोर सुनेने ओट्यावर जोर काढणे अजून कित्येक गावांत सोपे नाही, हेही खरे. माजघरातला उंबरठा आणि परसातली पायरी यांवरही टक्केवारी तीच राहते.

वयाची सबब मात्र टिकत नाही. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा बलवर्धक व्यायाम देऊन १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो पूर्ण करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. आरंभाची ताकद अतिशय कमी असल्याने टक्केवारी फुगलेली दिसते. पण खुर्चीतून आधाराशिवाय उठता येणे हे त्या वयात मोठे स्वातंत्र्य असते.

आहाराबद्दल बाजारात जेवढा गोंगाट आहे तेवढी गुंतागुंत प्रत्यक्षात नाही. भारतीय आहारशास्त्रीय मानकांनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. बळाचा व्यायाम करणाऱ्याने ती याहून काही जास्त घ्यावीत. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११, हुलग्यांत २२, हरभऱ्याच्या डाळीत २१ ते २२ आणि शेंगदाण्यात २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे भाकरी, पिठले, हुलग्यांचे माडगे, मूठभर शेंगदाणे आणि दूध किंवा अंडी एवढ्यात हिशेब जमतो. गोम एवढीच, की रोजच्या ताटात भाकऱ्या चार आणि पिठले वाटीभर असते. ते प्रमाण थोडे उलटे करावे लागते. डब्यातल्या पावडरीवर महिन्याला दोन-तीन हजार उडवणाऱ्या भरतीच्या पोराने आधी घरचे शेंगदाण्याचे पोते उघडावे.

किती दिवस, हा शेवटचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा बलवर्धक व्यायाम सांगितला आहे. मध्ये एक-दोन दिवस सोडून आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, एवढे नवशिक्याला पुष्कळ झाले. बीडमध्ये मात्र आठवड्यापेक्षा वर्षाचे गणित अधिक निर्णायक आहे. फडात राबणाऱ्यांनी गळीत हंगामात वेगळा व्यायाम करू नये. तेव्हा त्यांना झोप आणि अन्न यांचीच ददात असते. त्यांच्यासाठी तयारीचा काळ म्हणजे कारखाने बंद होऊन परतल्यावर महिनाभर अंगाला विसावा दिल्यानंतरचा, साधारण जूनपासून दसऱ्यापर्यंतचा, आणि त्या काळात कमरेतून नीट वाकणे, गोणी उचलणे व ओढण्याचे व्यायाम यांवर भर द्यावा, म्हणजे पुढच्या हंगामाची पहिली मोळी बेसावध पाठीवर येत नाही. जे गावीच राहतात, त्यांचा व्यायाम सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत हमखास सुटतो आणि सुटला म्हणून कायमचा बंद पडतो. त्यांना सांगण्यासारखा एक पुरावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: चार महिने आठवड्यातून तीनदा व्यायाम करून कमावलेले बळ, पुढचे आठ महिने आठवड्यातून फक्त एकदा, तेही मूळ कामाच्या नवव्या हिश्शाएवढे काम करून, तरुणांनी टिकवले; साठी उलटलेल्यांच्या स्नायूंचा आकार तेवढ्यावर काहीसा घटला, ताकद मात्र बरीचशी राहिली. सुगीच्या दिवसांत बाजारच्या वारी ओट्यावर जोराची एक फेरी, बैठकांची एक आणि गोणीची एक, एवढ्याला दहा मिनिटे लागतात.